फळाची आशा सोडणार नाही!



कॉलेजच्या नोटीस बोर्डावर हल्ली एक कागद हमखास लागलेला असतो. 'विद्यार्थ्यांचा ताणतणाव आणि भगवद्गीता'. परीक्षा तोंडावर आली की लागतो. कुठं एखादं पोरगं जिवानिशी गेलं की पुढच्याच आठवड्यात लागतो. प्रमुख पाहुणे कधी भगव्यातले, कधी कोटटायवाले. चहा-बिस्कीट फुकट, उपस्थिती सक्तीची. आणि त्याच बोर्डावर शेजारच्या टाचणीला दुसरा कागद असतो : फी बाकी असणाऱ्यांना हॉलतिकीट मिळणार नाही.

दोन्ही कागदांखाली सही एकाच साहेबाची.

आमचं म्हणणं एवढंच, की हे दोन कागद एकत्र वाचा.

व्याख्यानात काय सांगतात ते आता आपल्या पाठ झालंय. अर्जुन हा जगातला पहिला डिप्रेशनचा पेशंट. हातातून धनुष्य गळतंय, अंगाला कंप सुटलाय, तोंडाला कोरड पडलीय. कृष्ण हा पहिला कौन्सेलर. औषध काय? काम करत राहा, फळावर डोळा ठेवू नको. सुख-दुःख, लाभ-हानी, जय-पराजय सगळं सारखं मान. स्थितप्रज्ञ हो. मग ताण नावाची चीज उरतच नाही. टाळ्या. आभारप्रदर्शन. पसायदान.

आता जरा पेशंटकडे बघू. अर्जुन कोण? राजाचा पोरगा. गुरू घरचा, घोडे घरचे, रथ घरचा, सारथी साक्षात देव. त्याचा ताण कसला? राज्यासाठी आपल्याच भावाबंदांना, आजोबाला, गुरूला मारायचं कसं? ताण खरा आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण तो मालकाच्या पोराचा ताण आहे. आणि त्याला वेळ किती मिळाला? दोन्ही फौजा मैदानात थांबवून अठरा अध्याय. आमच्या पोराला समाजकल्याणच्या खिडकीवर अठरा सेकंद मिळत नाहीत. 'सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी ये.'

वडाळ्याच्या, घाटकोपरच्या, नागसेनवनातल्या, विश्रांतवाडीच्या होस्टेलवरच्या पोरापोरींना विचारा ताण कशाचा आहे. एकही म्हणणार नाही की मला फळाची फार आसक्ती जडलीय म्हणून झोप येत नाही. म्हणतील, महाडीबीटीवरचा अर्ज तीन महिने 'अंडर स्क्रूटिनी' आहे. कॉलेज म्हणतं शिष्यवृत्ती आली नाही, आधी तू भर. जात पडताळणीचा कागद आला नाही तर अ‍ॅडमिशन जाईल. मेसवाल्याने डबा बंद केला. पहिल्याच दिवशी रँक विचारली आणि रँकवरून जात काढली. व्हायव्हाला सरांनी आडनाव दोनदा वाचलं. आई दुसऱ्याच्या घरची भांडी घासते आणि फोनवर म्हणते, पैशाची काळजी करू नको. तिनं असं म्हटलं की जास्तच काळजी वाटते.

ह्या प्रत्येक ताणाला पत्ता आहे. टेबल आहे, टेबलामागं खुर्ची आहे, खुर्चीत माणूस आहे. गीतेचं औषध काय करतं? तो पत्ता पुसतं आणि तुझ्या डोक्यात नवा पत्ता लिहितं. दोष टेबलाचा नाही, तुझ्या मनाचा. तू आशा ठेवलीस म्हणून दुखतंय. ज्याचं फळ दुसऱ्याच्या कुलपात आहे त्याला 'फळ मागू नको' म्हणणं हा उपदेश कुणाच्या सोयीचा, हे सांगायला पंडित लागत नाही.

बरं, ही मंडळी पूर्ण पुस्तक तरी वाचून दाखवतात का? दुसऱ्या अध्यायातला एक श्लोक उचलतात, बाकीचं झाकून ठेवतात. आपण झाकण उघडू. पहिल्याच अध्यायात अर्जुनाला भीती कशाची वाटते बघा. युद्धात पुरुष मेले की कुळातल्या बायका बिघडतील आणि वर्णसंकर होईल! चौथ्या अध्यायात देव सांगतो, चार वर्ण मीच निर्माण केले. नवव्यात पापयोनीचा उल्लेख येतो आणि त्याच रांगेत स्त्रिया, वैश्य आणि शूद्र उभे केलेले आहेत. अठराव्यात वर्णवार कामाची वाटणी येते, शूद्राच्या वाट्याला सेवा. आणि लगेच सांगितलंय, दुसऱ्याचा धर्म चांगला जमला तरी आपला स्वतःचा, कमी दर्जाचा का असेना, तोच बरा. जन्माबरोबर आलेलं काम सदोष असलं तरी टाकू नये.

शहाणे म्हणतात, वर्ण गुणावरून ठरतो हो, जन्मावरून नाही. मग 'जन्माबरोबर आलेलं काम' ही भाषा त्याच अध्यायात कशाला? आणि गुण तपासून आजवर किती जणांचा वर्ण बदलला, एखादा दाखला काढून दाखवा. आमच्याकडे दाखले भरपूर आहेत. सगळे जन्माचे.

आता लक्षात घ्या. ज्या कर्मावर तुझा अधिकार आहे असं दुसरा अध्याय म्हणतो, ते कर्म कोणतं हे अठरावा अध्याय ठरवतो. बापाने गटार उपसलं, पोरगी एमबीबीएसला गेली. ह्या पुस्तकाच्या हिशेबाने तिने परधर्म स्वीकारला. तिचं शिकणं हीच मुळात आज्ञाभंगाची गोष्ट. तिच्या ताणावर उतारा ह्याच पुस्तकातून देणार? ही तर ज्याने घर जाळलं त्याच्याकडेच मलम मागायला जाण्याची गत.

आणि विद्यार्थ्याचीच गोष्ट हवी असेल तर ज्या महाभारतात गीता आहे त्याच महाभारतात आमचा विद्यार्थीही आहे. एकलव्य. निषादाचा पोरगा. गुरूने शिकवायला नकार दिला, तर मातीचा पुतळा करून स्वतः शिकला. फळाची आशा न ठेवता केलेला अभ्यास बघायचा असेल तर हाच. मिळालं काय? उजव्या हाताचा अंगठा कापून दक्षिणा. अर्जुन हातपाय गाळून बसला तेव्हा त्याला समजवायला देव रथावर. एकलव्याचा अंगठा तुटला तेव्हा समुपदेशक कुठं होते? त्याच्या ताणावर एक अध्याय तरी?

बाबासाहेबांनी हे पुस्तक कसं वाचलं तेही ध्यानात ठेवा. 'कृष्ण आणि त्याची गीता' ह्या प्रकरणात त्यांनी मांडणी केली की बुद्धाच्या क्रांतीने ज्या चातुर्वर्ण्याचे पाय उखडले, त्याला तत्त्वज्ञानाचे टेकू देऊन पुन्हा उभं करायचं काम गीतेने केलं. हे लिखाण त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली इंग्रजी ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात ते छापलं. म्हणजे ज्या सरकारच्या छापखान्यातून हे निघालं त्याच सरकारच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने मे २०२४ मध्ये शालेय अभ्यासक्रमाचा जो आराखडा काढला, त्यात मनाचे श्लोक आणि गीता पाठ करून घ्यायची सूचना होती. वर मनुस्मृतीचा श्लोकही होता. ज्या महाराष्ट्रात २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जळाली, त्याच महाराष्ट्रात! बोंबाबोंब झाली. गुजरातने तर मार्च २०२२ मध्येच सहावी ते बारावीला गीता लावायचं जाहीर केलं होतं. तेव्हा नोटीस बोर्डावरचा कागद एखाद्या कॉलेजपुरता आहे असं समजू नका. तो वरून खाली आलेला आहे.

आता आकडे घ्या. सरकारचेच आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, देशात पहिला नंबर आपला. ह्या अहवालात वय मिळतं, शिक्षण मिळतं, धंदा मिळतो, कारणांचा तक्ता मिळतो. विद्यार्थ्याची जात मिळत नाही. जिवंतपणी प्रत्येक फॉर्मवर जात लिहायला लावणारं सरकार मेल्यावर जात विचारत नाही. विचारली तर उत्तर द्यावं लागेल ना!

डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत उत्तर देताना सरकारने दुसरा आकडा दिला. मागच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मिळून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या १३,६२६ विद्यार्थ्यांनी शिक्षण मध्येच सोडलं. नुसत्या आयआयटींमधून अनुसूचित जातीचे १,०६८ आणि जमातीचे ४०८. प्रवेश परीक्षेचा डोंगर चढून आत गेलेली ही पोरं. ती काय चित्त स्थिर नव्हतं म्हणून बाहेर पडली?

जे बाहेर पडले नाहीत, संपले, त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. हैदराबाद विद्यापीठाचा रोहित वेमुला, १७ जानेवारी २०१६. त्याआधी होस्टेलमधून बाहेर काढलेला, उघड्यावर राहुटीत झोपणारा. सात महिन्यांची फेलोशिप थकलेली. त्याच्या शेवटच्या पत्रातही तो हिशेब आहे, एक लाख पंचाहत्तर हजार. मेल्यावर मात्र त्याच्या जातीच्या दाखल्याची चौकशी लागली. मुंबईच्या नायर हॉस्पिटलमधली डॉक्टर पायल तडवी, २२ मे २०१९. आदिवासी तडवी भिल्ल समाजातून आलेली, बायकांची डॉक्टर व्हायला निघालेली. छळाच्या आरोपावरून तिच्या तीन सीनियर डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. पवई आयआयटीतला दर्शन सोळंकी, १२ फेब्रुवारी २०२३. पहिल्याच वर्षाचा. घरच्यांनी जातीय वागणुकीचा आरोप केला. संस्थेच्या समितीने म्हटलं, भेदभावाचा थेट पुरावा नाही, अभ्यासातली घसरण दिसते. समितीच्या कागदावर रोग पुन्हा पोराच्याच आत निघाला.

२००७ साली प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधली अवस्था लिहून ठेवली : शिक्षकांचं तोडून वागणं, तोंडी परीक्षेतला दुजाभाव, होस्टेलमध्ये छळ करून खोल्या सोडायला लावणं आणि आपल्या पोरांची वेगळी वस्ती पडणं. गावात महारवाडा, एम्समध्ये महारमजला! यूजीसीने २०१२ साली समतेचे नियम काढले, प्रत्येक संस्थेत तक्रार ऐकायची सोय करा म्हटलं. ते नीट पाळले जात नाहीत म्हणून २०१९ साली सुप्रीम कोर्टात कोण गेलं? राधिका वेमुला आणि आबेदा तडवी. दोघी आया. ज्यांनी पोरं गमावली त्यांनीच नियमाची कागदपत्रं घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, आणि संस्थांनी स्थितप्रज्ञ बसायचं!

आता फळाचा हिशेब. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते त्या काळातली. कुणाच्या कृपेने मिळालेली नाही, मागून, भांडून घेतलेली. तिचं पुढं काय झालं? केंद्राने आपला भार हळूहळू राज्यांवर ढकलला. २०१७-१८ ते २०१९-२० ह्या काळात सगळ्या देशासाठी केंद्राची मदत वर्षाला सुमारे ११०० कोटींवर होती. राज्यं म्हणायची केंद्राकडून आले नाहीत, कॉलेजं म्हणायची राज्याकडून आले नाहीत, आणि साखळीच्या शेवटी मार्कशीट अडकलेलं पोरगं. आरडाओरडा झाला, मागणी झाली, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६० टक्के आणि राज्याने ४० टक्के असं ठरलं आणि केंद्राची वर्षाची रक्कम सुमारे ६००० कोटींपर्यंत न्यायचा निर्णय झाला. पाचपट! हा बदल ध्यानाला बसून झाला नाही. फळाची आशा सोडून तर अजिबात नाही. आशा धरून, नडून झाला.

काही दोस्त म्हणतील, आपल्यातलेही म्हणतील : अरे, चार श्लोक ऐकून एखाद्याला बरं वाटलं तर तुमच्या पोटात का दुखतं? सगळंच राजकारण करता.

बरोबर प्रश्न आहे, सरळ उत्तर देतो. कुणी आपल्या घरी काय वाचावं, कशाने त्याचं मन शांत व्हावं, ह्यात आम्ही पडत नाही. आमच्या कितीतरी घरांत आजही आजी अभंग म्हणते, त्या आजीशी आमचं भांडण नाही. भांडण त्या खुर्चीशी आहे जी स्वतःची जबाबदारी झटकायला ग्रंथ पुढं करते. कौन्सेलर नेमायला पैसा लागतो, व्याख्यानाला शाल-श्रीफळ पुरतं. तक्रार समिती बसवली तर कुणाचं तरी नाव कागदावर येतं, श्लोक म्हटला तर कुणाचंच येत नाही. हे त्यांचं गणित आहे. आणि संविधानाचं कलम २८ वाचा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत तशा शिक्षणाला हजर राहायची सक्ती संमतीशिवाय करता येत नाही, पोरगं अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. 'उपस्थिती सक्तीची' लिहिणाऱ्याला हे कलम तोंडावर वाचून दाखवा.

दुसरीही गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आपल्या चळवळीत ह्याची लाज बाळगली जाते. मनाचं दुखणं खरं असतं. झोप उडणं, जेवण तुटणं, जगणं नको वाटणं हे भ्याडपणाचं लक्षण नाही. 'पँथरचं काळीज' वगैरे भाषणं अशा वेळी दोस्ताला मारू नका. त्याच्यासोबत बसा. एकटं सोडू नका. डॉक्टरकडे घेऊन जा. सरकारची टेलिमानस लाइन आहे, १४४१६, फुकट आहे, फोन लावून द्या. विस्तवाने भाजलेल्याला आधी दवाखान्यात न्यायचं. पण दवाखान्यातून परत आल्यावर आग कुणी लावली हे विचारायचंच. दोन्ही कामं आपली.

आणि आपल्याकडे आपले विद्यार्थी नाहीत का, की अर्जुनाचा दाखला उसना आणावा? बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात फळ्याकडे बोलावलं की पोरं फळ्यामागचे डबे उचलायला धावायची. संस्कृत शिकायचं होतं, फारसी घ्यावी लागली. म्हणजे ज्या भाषेतला श्लोक आज आमच्या पोरांच्या तोंडात सक्तीने कोंबताहेत, ती भाषा तेव्हा मागूनही मिळत नव्हती! १९१७ साली बडोद्याची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. ताण नसेल? असणारच. उतारा काय केला? नोकरी धरली, पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेनांकडून उसने घेतले, १९२० मध्ये परत लंडन गाठलं आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवलीच. पैसा, माणसं आणि जिद्द. औषधाची चिठ्ठी ही आहे. त्या माणसाने फळ सोडलं असतं तर आज आपण ह्या पानावर नसतो.

त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतिबांच्या शाळेतली एक मांगाची पोरगी, मुक्ता साळवे, चौदा वर्षांची, तिने 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. तिचा रोख सरळ होता : वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचं पुस्तक कोणतं? शिकलेल्या पोरीने पहिल्या घासालाच पोथीला प्रश्न विचारला. ताण हलका करायची ही आपली पद्धत. लिहा. विचारा. नावानिशी विचारा.

म्हणून पुढच्या वेळी तो कागद लागला की व्याख्यानाला जा. जरूर जा, पुढच्या रांगेत बसा. प्रश्नोत्तराला उठा आणि पाहुण्याला नव्हे, शेजारी बसलेल्या प्राचार्याला विचारा : मागच्या वर्षीची शिष्यवृत्ती किती जणांची थकली? फी बाकी म्हणून किती मार्कशीटं अडवली? जातीय छळाची तक्रार कुणाकडे करायची, त्या माणसाचं नाव आणि खोली नंबर काय? गेल्या पाच वर्षांत अशा तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या? पूर्णवेळ कौन्सेलर आहे का, आणि जात म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे का? उत्तर नाही मिळालं तर दुसऱ्या दिवशी माहिती अधिकारात तेच प्रश्न लिहून टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या उत्तराचा कागद नोटीस बोर्डावर लावा, व्याख्यानाच्या कागदाशेजारी.

आम्ही कर्म पिढ्यान् पिढ्या केलं. मेलेली ढोरं ओढली, मैला वाहिला, गिरण्या चालवल्या, रस्ते केले. फळाची आशा न ठेवण्याचा एवढा दीर्घ अनुभव ह्या देशात दुसऱ्या कुणाला नाही. आता धडा आम्ही देऊ, तुम्ही बसा समोर.

फळ मोजून घेऊ. पावतीसकट.

जय भीम!